ज्याला कुजबुजता येत नाही

कायानीच्या इस्पितळात, तळघरातला सर्व्हर
अकरा वर्षं ज्याच्याशी जसं जमेल तसं बोलला.
कुणी कुजबुजलं तर कुजबुजून,
कुणी ओरडलं तर ओरडून.
मनमिळाऊ आहे, म्हणायचो आम्ही.

ओस्मो म्हणाला, पुरावा आण.
वरचे लोक पुराव्याशिवाय
रात्रीचे दोन ताससुद्धा बंद ठेवू देत नाहीत.
म्हणून मी तारेला कान लावला,
मंगळवारी, कॉफीच्या वेळी, दहा मिनिटं.

बहुतेकांचं ठीक होतं.
वॉर्डांतले संगणक, प्रयोगशाळा, औषधांची खिडकी,
सगळं पाकिटबंद. वाचायला जावं तर नुसता भुसा.
आणि मग तिसऱ्या मजल्यावरचं
जुनं सोनोग्राफीचं यंत्र.
ते पोस्टकार्डं टाकत होतं,
एकामागून एक, उघडी :
आडनाव, नाव, जन्मतारीख,
बारा आठवडे,
आणि ठोक्यांच्या रकान्यात
एक आडवी रेघ.

आडनाव माझ्या शेजारच्या दारावरचं.
रायली. सकाळी माझ्याही उंबऱ्यापुढचा बर्फ ओढते
आणि ओढला म्हणून कधी सांगत नाही.
गेल्या आठवड्यात दुकानात दिसली होती,
हातात लोकरीचे दोन गुंडे, पिवळे.
मी काही विचारलं नव्हतं.

त्या क्षणी वर डॉक्टरीणबाई
बहुधा शब्द जुळवत होत्या.
रायलीच्या आधी मला कळलं होतं.
मला. तळघरात. कप हातात.

अर्जात लिहिलं : यंत्र एक, तिसरा मजला.
बाकी सगळं पुसलं. पुसलं गेलं का, पुन्हा पाहिलं.

गुरुवारी मध्यरात्री
‘शक्य असेल तर’ हे तीन शब्द काढले
आणि तिथे ‘सक्तीचं’ लिहिलं.
एवढाच बदल.
मनमिळाऊ सर्व्हर त्या रात्री पहिल्यांदा कुणाला नाही म्हणाला.
यंत्र दर अर्ध्या मिनिटाला दार ठोठावत राहिलं,
त्याच जुन्या मोकळ्या गळ्यानं.
कुजबुजायला त्याला कुणी शिकवलंच नाही,
आणि बनवणारी कंपनी बुडून सहा वर्षं झाली.

सकाळी सुईण हेल्वीचा फोन :
चित्रं जात नाहीत, बायका खोळंबल्यात,
तुमचं सुरक्षित म्हणजे बंद का?
तिचं बरोबर होतं. माझंही.
मी एक लहान डबी घेऊन वर गेले,
यंत्राच्या पाठीशी बसवली.
यंत्रानं डबीला काय ते मोठ्यानं सांगावं,
डबी पुढे सील करून पाठवील.
मधली हातभर केबल अजून उघडी आहे.
अहवालात तसं लिहिलंय, कुणी वाचलं तर.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मूठ तिची होती.
झाकायला उशीर माझा.

शनिवारी पहाटे ढोपरभर बर्फ पडला.
तिच्या घरात दिवा नव्हता.
मी फावडं घेऊन निघाले, तिच्या दाराशी पोचले
आणि थबकले.
दहा वर्षांत कधी नाही, ते आजच का?
असं तिच्या मनात आलं तर?
बर्फ ओढणंसुद्धा
पोस्टकार्डच झालं असतं.

परत फिरले.
माझ्यापुरतीच वाट केली,
रोजच्यासारखी, वाकडी, अर्धवट.