फाईल उघडत नाही

दाजी पेठेतून राजमणीबाई येमूल आल्या,
रुमालाच्या गाठीत पेनड्राइव्ह.
“ह्यांची डिझाइनं. मोराची चादर होती,
तेवढीच उघडत नाही.”

नाव बदलून पाहिलं, शेपूट बदलून पाहिलं,
जुन्या मशीनवर जुनं सॉफ्टवेअर चढवलं.
दर वेळी तीच खिडकी: फाईल खराब आहे.
बेचाळीस डिग्री. पंखा गरम हवा ढवळतोय.

शेवटी कच्चीच उघडली.
पडदाभर आकडे,
आणि सुरुवातीला नुसती शून्यं.

बाई चष्मा ओढून पुढे वाकल्या.
“जेकार्डाच्या पुठ्ठ्यासारखंच की वो हे.
भोक, भोक, कोरं.
हितं ताणा तुटलाय बघा.
दुसऱ्याचा घेऊन जोडा.”
कांड्या भरून घट्टे पडलेलं बोट
काचेवर नेमक्या जागी.

शेजारच्या धड फाईलचं डोकं कापलं,
हिच्या धडाला लावलं.
उघडली.

मोर आला, पिसारा शाबूत,
फक्त रंग चुकले:
निळ्याच्या जागी विटकरी.

“करतो दुरुस्त,” मी म्हटलं.
त्या बघतच राहिल्या.
“नको. निळं सूत संपलं की
हे असंच करायचे,
आणि मला सांगायचे,
पार्टीनंच मागितलाय.”