बॉबिन

कोड-बिड काही लागत नाही, मावशी,
आणि फुकट आहे, म्हणाली इरावती
ब्रॅडफर्डहून, फोनवर, काहीतरी चावत.
फुकट म्हटल्यावर मी चष्मा शोधला.

दुकान बंद केलं. इस्त्री निवत होती.
कापायच्या टेबलावरची कात्री सरकवून लॅपटॉप ठेवला.
पडद्यावर चौकोन,
या चौकोनातून त्या चौकोनात ओढायची रेघ.
अगं बाई, हे तर कच्चे टाके!
गिऱ्हाईक असं विचारेल तर इथून टीप घाल,
तसं विचारेल तर तिकडून.
पँटची लांबी कमी करणे, नऊ पौंड.
झिप बदलणे, चौदा.
चामड्याच्या जॅकेटला आम्ही हात लावत नाही.
लग्नाचा झगा असेल तर स्वतः या,
फोटोवरून माप निघत नाही.
आणि काहीच कळलं नाही तर काय म्हणायचं,
त्याचाही एक चौकोन.
असा चौकोन मला इथे आले तेव्हा हवा होता.

शेवटी विचारलं, नाव काय ठेवू?
बारशाला मी एकटीच.
बॉबिन म्हटलं.
मशीनच्या पोटात असते, दिसत नाही,
पण खालचा दोरा तिचाच.

फुकटात महिन्याला पन्नास संभाषणं.
पन्नास!
कीथलीत महिन्याकाठी माझ्याशी
पन्नास माणसं तरी बोलतात का,
हवामान सोडून?

नऊ तारखेला ईमेल आली, पन्नास संपली.
मला वाटलं, चाललं दुकान.
उधारीची वही उघडावी तशी यादी उघडली.
अठरा जणांनी दर विचारले आणि गेले.
एकाने विचारलं, कुत्र्याचा कोट शिवाल का.
उरलेली एकतीस
एकट्या पाहुणा क्रमांक सातची.

रात्री एक पस्तीस. उघडं आहे का?
आम्ही सकाळी नऊला उघडतो.
बरं.
पावणेतीन. उघडं आहे का?
आम्ही सकाळी नऊला उघडतो.
बरं, बरं.
चार दहा. तेच. तेच.
मग खाली एकच ओळ:
टा, लव्ह. तूही झोप आता थोडी.

बॉबिनला ते कळलं नाही.
तिने दर, वेळ, पत्ता, तीन बटणं पुढे केली.

ब्लॉक कर त्याला, इरावती म्हणाली,
एक क्लिकचं काम.
मी क्लिकपर्यंत गेले.
आतल्या खोलीत ट्यूबलाइट गुरगुरत होती,
चार दहाला मीही जागीच असते बहुतेकदा,
फक्त मला विचारायला
कुणाचं दुकान सुचलं नव्हतं.

फुकटचं तिथे संपलं.
बारा पौंड भरले, कार्डाचे आकडे दोनदा चुकले,
आणि नवा चौकोन ओढला:
मध्यरात्रीनंतर कुणी विचारलं तर.
तर काय?
अर्धा तास मला मराठीतही सुचेना.
शेवटी लिहिलं,
नऊला. पण किटली साडेआठलाच लावते.

मंगळवारी, नऊला वीस मिनिटं कमी,
काचेवर टकटक.
उंच, वाकलेला, बस कंपनीचा जुना अनोरॅक.
नाव डेरेक ऑलरॉइड, असं पावतीसाठी सांगितलं.
पिशवीत करडी पँट, कडक घडीची.
दुमड सैल झालीय, म्हणाला,
बघताय ना?

उलटी करून पाहिली. उजेडात धरली.
टीप शाबूत. एक टाका हललेला नाही.
हो, म्हटलं, झालीय खरी.

त्याने दोन कप चहा प्यायला, साखर तीन चमचे,
आणि कुठला मार्ग कुठल्या साली बंद झाला
ते सगळं सांगितलं.
मी तोवर ती पक्की शिवण
सावकाश उसवली,
त्याच भोकांतून पुन्हा घातली.

नऊ पौंड घेतले.
न घेते तर परत आला नसता.
बारा गेले, नऊ आले.
त्याच्याकडून अजून तीन येणे आहे.