लूज पीस

सोमवार. उद्यमनगरात भट्ट्या थंड.
शटर अर्धं वर करून वॉचमन म्हणाला,
"मॅडम, किती वेळ?"
म्हटलं, "बघतो. जमलं तर नऊपर्यंत जातो."
आमच्याकडं बायकासुद्धा जातो-करतोच म्हणतात;
पुण्याच्या ऑडिटरला हे दरवेळी नवं.

लॅबच्या कोपऱ्यात तो डबा.
पंख्याच्या जाळीवर वाळूची काळी साय,
कीबोर्डवरचं एक अक्षर पुसलेलं,
आणि चालू आहे चौदा वर्षं.
लोखंडाच्या नमुन्यावर ठिणगी पडते,
स्पेक्ट्रोमीटर कार्बन सांगतो, सिलिकॉन सांगतो,
ते ऐकणाऱ्या कार्डाला फक्त याच कर्नलची बोली कळते.
ज्यानं बसवलं तो नेजकर आता होसूरला.
फोनवर म्हणाला, "हात लावू नकोस त्याला.
आणि मला विचारलंस हे कुणाला सांगू नकोस."

गिऱ्हाइकाला रिपोर्ट नव्या नमुन्यात हवा.
नवा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन आलो.
चालवला. एका ओळीत उत्तर:
तुमची सी लायब्ररी जुनी आहे.

जुनी आहे, होय.
पण सगळं तिच्यावरच उभं,
फायलींच्या यादीपासून लॉगिनपर्यंत.
ती बदलायची म्हणजे
लॅडल वर लटकत असताना क्रेनची साखळी बदलायची.
तरी एकदा नुसतं खोटंखोटं विचारलं:
समजा, नवी टाकली तर?
पॅकेज मॅनेजर म्हणाला, दोनशे अकरा गोष्टी काढून टाकीन.
खालून तिसरं नाव स्पेक्ट्रोमीटरचं.

खिडकी बंद केली. बाहेर आलो.

पॅटर्न शॉपात दिवा होता.
अल्लाबक्ष मिस्त्री सुट्टीलाही येतात,
घरात पाय ठरत नाही म्हणतात.
मांडीवर पंपाच्या बॉडीचा सागवानी पॅटर्न,
त्यांच्या चुलत्यानं कोरलेला.
"नव्या ऑर्डरीत इथं एक उंचवटा मागितलाय."
मग यालाच खिळे मारून बसवणार?
त्यांनी असं बघितलं,
जणू मी तांबड्या रश्शात साखर मागितली.
"जुनी ऑर्डर परत आली तर काय तोंड दाखवू?
लूज पीस करायचा.
वेगळा तुकडा, दोन खुंट्या.
पाहिजे तेव्हा लावायचा, नको तेव्हा खिशात.
मूळ लाकडाला कळतबी नाही."

परत आलो.
आधी सगळी डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवली,
बावन्न मिनिटं, डास मारत.
मग ऑप्टच्या पोटात एक वेगळी खोली बांधली,
तिची स्वतःची लायब्ररी, तिचं स्वतःचं मूळ;
आत उभं राहिलं तर जग तिथंच सुरू, तिथंच संपलेलं.
खुंट्या दोनच:
निकालांचं फोल्डर, वाचण्यापुरतं उघडं,
आणि रिपोर्ट बाहेर टाकायला एक जागा.

पहिल्यांदा लायब्ररीच नाक मुरडून म्हणाली,
कर्नल फार जुना.
तिच्या एक पिढी आधीची आणली. ती नांदली.
मग फॉन्ट नाही, टक्केवारीच्या जागी रिकामे चौकोन.
मग प्रिंटरात कागद नाही.

पावणेअकराला रिपोर्ट आला.
कार्बन तीन पूर्णांक बेचाळीस.
त्याच नमुन्याचा जुन्या प्रोग्राममधूनही काढला:
तीन पूर्णांक बेचाळीस.
नवा असून वेगळं काही बोलला नाही,
त्याचंच बरं वाटलं.

मॉनिटरच्या मागं चिकटपट्टीनं कागद लावला:
अपडेट करू नये. नवं सगळं ऑप्टमध्ये आहे.
नको झालं तर आधी दोन्ही खुंट्या उपसाव्यात,
मगच फोल्डर काढावं, नाहीतर निकालही जातील.
वैदेही इंगवले.

खुंट्या म्हणजे काय ते लिहिलं नाही.
घाईत असेल तो वाचून थांबेल,
आणि विचारत विचारत पॅटर्न शॉपात जाईल.