पांढऱ्याचा रकाना

सप्टेंबर सरत आलाय. कासुमिगाउरा तळ्याच्या काठी
कमळकाकडीची शेतं गुडघाभर पाण्यात,
पानं कडेने करपलेली,
आणि मधे मधे बगळे.
किती, ते सोपं आहे.
कोण, तिथे माझी बारा वर्षं गेली.

लहान बगळ्याला हुशारी लागत नाही.
काळी चोच, काळे पाय, पावलं तेवढी पिवळी,
चुकून रंगाच्या डब्यात पडल्यासारखी.
एक पाऊल थरथरवत तो गाळ ढवळतो,
घाबरून निघेल ते गिळतो.
पण पाऊल बहुतेक वेळ गाळातच असतं,
हे पुस्तकातल्या चित्राला कोण सांगणार?

गायबगळे इइजिमांच्या ट्रॅक्टरमागे.
डोक्यावरचं केशर विटलेलं, तरी चाल तीच,
बाजारात घाईने निघालेल्या माणसाची.

मग उरतात मोठा आणि मध्यम.
शेजारी उभे राहिले तर लहान पोरही सांगेल.
ते शेजारी उभे राहत नाहीत.
मान आखडली की मोठ्याचा मध्यम होतो,
मध्यम ताठ झाला की मोठ्याचा आव आणतो,
आणि एकट्याला मापायला
पाण्यात पट्टी कुणी रोवलेली नाही.

'रंगावर जाऊ नकोस,' कुरामोची पहिल्याच दिवशी म्हणाले होते.
(एकतीस वर्षं बस चालवली त्यांनी त्सुचिउराची,
थांबे सांगावेत तसे पक्षी सांगतात.)
'विणीच्या दिवसांत दोघांच्या चोची काळ्या,
आता दोघांच्या पिवळ्या.
रंग ऋतूचा असतो, पक्ष्याचा नाही.'
'मग पक्ष्याचं काय?'
'तोंड कुठे संपतं ते बघ.'

चोचीच्या फटीची ती रेघ
डोळ्याखाली येऊन थांबली, तर मध्यम.
डोळा ओलांडून मागे गेली, तर मोठा.
केसाएवढी रेघ,
उन्हाने थरथरणाऱ्या हवेतून,
कावळ्यांसाठी बांधलेल्या जाळ्यांच्या फटीतून,
आणि पक्षी नेमका पाठमोरा.

लोक त्यांच्या ध्यानाला ढोंग म्हणतात.
मी पाहिलंय ते ध्यान, तासन् तास.
ढोंग नाही. नुसती भूक आहे, आणि ती मान हलू देत नाही.

आज कुरामोची घडीच्या स्टुलावर बसून होते.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय,
दुर्बीण उजव्याच डोळ्याला लावतात,
त्याबद्दल आम्ही बोलत नाही.
'तो, पंपापाशी. मध्यम.'

मी पाहिलं. बगळ्याने मान वळवली,
अर्धा क्षण, फार तर.
रेघ डोळ्यामागे गेल्यासारखी वाटली.

पोस्टात मी दिवसभर पत्ते वाचते.
चुकलेला आकडा बोट ठेवून दाखवायची सवय आहे मला.
तरी घशात काहीतरी अडलं.
मग म्हणाले, 'मोठा वाटतो.'

ते काही बोलले नाहीत. कमळाच्या पानावरून
पाण्याचा एक थेंब उगाच घरंगळत होता.
'पुन्हा बघ.'

पुन्हा बघेपर्यंत इइजिमांनी पंप सुरू केला,
बगळा उठला, पाय मागे टाकून
तळ्यावर गेला, आणि तळ्यावरच्या
बाकीच्या पांढऱ्यात मिसळला.

आमच्या वहीत चार रकाने आहेत चौघांचे,
आणि पाचवा, शेवटचा, अरुंद.
इकडे या सगळ्यांना मिळून शिरासागी म्हणतात,
पांढरा बगळा. त्या नावाची जात नाही कुठलीच.
जो ओळखता आला नाही, तो तिथे.
कुरामोचींच्या जुन्या वह्यांत तो रकाना
जवळजवळ कोराच. एका वर्षी दोन. एका वर्षी शून्य.
मला तेव्हा त्याचा धाक वाटायचा.
आता वाटतं, इतकी खात्री
यांना मिळायची तरी कुठून?

'काय लिहिलंस?' त्यांनी विचारलं.
'पांढरा. एक.'

बराच वेळ पंपाचाच आवाज.
मग त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं,
माझा कप आधी भरला,
आणि म्हणाले, ऑक्टोबरच्या मध्यावर
मध्यम सगळे दक्षिणेला जातात,
मोठे इथेच राहतात.
'तेव्हा येऊन पंपापाशी बघू.'

जणू तोच बगळा
आमच्यासाठी तिथे थांबणार आहे.