शेरा

गोदीच्या जुन्या रजिस्टरात
धाकू रावजी मांडवकरचा झालाय
डाकू रौजी.
साहेबाच्या कानात ध शिरला नसावा.
दफ्तरातले तांडेल हसले,
"बघा, पणजोबा दरोडेखोर निघाले तुमचे."
मीही हसले.

जन्म अंदाजे. गाव रत्नागिरी, म्हणजे कुठलंही.
उंची पाच फूट दोन. डाव्या भुवईवर व्रण.
तो व्रण घरच्या कुठल्याच गोष्टीत नव्हता.
गोष्टीत एवढंच, की माणूस आळशी,
माझगावच्या चाळीत वर चढण्याआधी
जिन्यात बसून राहायचा, दिवे लागेपर्यंत.
अजून आमच्यात लोळणाऱ्या पोराला म्हणतात,
धाकूच्या वळणावर गेलंय.

मग मुकादमाची वही, मोडीतली,
कसरीनं अर्धा ऑक्टोबर खाल्लेली.
बोट ठेवून ठेवून वाचलं :
रजा अर्धा दिवस. मुलगी मयत.
आणि चार दिवसांनी, वेगळ्या शाईत :
दंड चार आणे. कापसाच्या गाठीवर बसून राहिला.
हाक मारली, उठला नाही.

आत्याला फोन केला. मुलगी?
"पाच मुलगेच की गं सगळे," म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "जेवलीस का?"

साडेपाचला तांडेलांनी रुमाल बांधला.
वंशावळीत पाच फांद्यांच्या शेजारी
पेन्सिलीनं एक रेघ ओढली मी,
तिच्या टोकाला काय लिहायचं कळेना.
बाहेर येऊन पायरीवर टेकले.

वॉचमन आला.
मॅडम, इथे बसायचं नाही.