दर सातवं घर

खानवलकर बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या,
घर आपण निवडायचं नाही, आकडा निवडतो.
चिठ्ठी काढली: चार.
चौथ्यापासून सुरुवात, पुढे दर सातवं.

दांडिया बाजारातली मी
विश्वामित्रीच्या काठाने दारं मोजत निघाले.
पुलाजवळच्या पाटीवर मगरीचं चित्र,
खाली तिची राहती जागा.
तिला धरलं नाही.

चार. अकरा. अठरा.
पंचविसाव्याला कुलूप.
शेजारचं सव्विसावं सताड उघडं,
आतून सेव-उसळीचा वास
आणि एक आजोबा हाका मारतायत,
आव दीकरी, अमने पूछ ने!
त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं.
ते नमुन्यात नव्हते.

सकाळी गेले. मंगळवारी संध्याकाळी गेले.
तिसऱ्या खेपेला लखीबेन कुलूप काढत होत्या,
उत्तरायण तोंडावर,
मांजा सुतून बोटं गुलाबी, दोन बोटांना चिकटपट्टी.

प्रश्न तीन. घरात माणसं किती?
अढी, त्या म्हणाल्या.
म्हणजे दोन की तीन?
अढी. नवरा, मी, आणि दीकरो
पंधरा दिवस सुरतेला, पंधरा दिवस इथे.

चौकटीत एकच आकडा मावत होता.

बाईंना फोन केला. व्याख्या वाच, म्हणाल्या.
‘गेल्या सहा महिन्यांत बहुतेक दिवस राहिलेली व्यक्ती.’
जुलै ते डिसेंबर, एकशे चौऱ्याऐंशी दिवस.
लखीबेननी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं,
तो असलेल्या तारखांना गोल होते.
मी दोनदा मोजले.
ब्याण्णव.

दोन लिहिलं.

महिन्याने लॅबमध्ये सरासरी आली
चार पूर्णांक तीन.
कुणी हूं की चूं केलं नाही.
सरासरीला अपूर्णांक चालतो.

त्याच दुपारी बाईंनी फळ्यावर समजावलं,
सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग का करायचा:
नाहीतर अधिक आणि उणे एकमेकांना खातात, बेरीज शून्य,
आणि वाटतं, कुणी कुणापासून लांब नव्हतंच.
मी ते उतरवून घेतलं. पुढचं गणित चुकलं.

फॉर्म तपासताना पंचविसाव्याच्या समासात
माझं पेन्सिलीतलं ‘अडीच’ त्यांना दिसलं.
चष्मा वर सरकवला.
आता खोडरबर मागतील.

पेन्सिलीने काय लिहितेस, म्हणाल्या,
पेनाने लिही.
आणि तारीख घाल.