दोरधरे

हरिपूरच्या रस्त्याला चिंचांची सावली अजून सलग होती,
तेव्हा दस्तगीर आणि मी एक देश काढला.
अडत दुकानाच्या वजनचिठ्ठ्या, त्यांची मागची कोरी बाजू,
सुतळीनं शिवलेली वही.
नकाशा त्यानं काढला, कारण त्याचा हात बरा.
माणसं मी नेमली,
कारण चिठ्ठ्या माझ्या वडलांच्या होत्या.

पहिले चिंचोरे.
राहणार चिंचेवर, जमिनीला पाय लावणं पाप.
पोरं जन्मतात तीच दात आंबून,
म्हणून हसत कुणी नाही, नुसते डोळे मिचकावतात.
सगळ्यात म्हातारा सगळ्यात शेंड्याला,
आणि वारा सुटला की अख्खी जमात
त्याच्या पडण्याचा मुहूर्त काढत बसते.

मग संगमे.
एका गालात कृष्णा, एका गालात वारणा.
भांडताना डावीकडून बोलतात, सोयरीक ठरवताना उजवीकडून.
खोटं बोलायचं तर दोन्ही गाल मिसळावे लागतात,
थुंकी गढूळ येते,
पकडले जातात.

पुलाखाली फुटे.
त्यांना नुसते आकडे येत.
वर्षभर मुके, आणि पाणी चढायला लागलं की
रात्रभर कुजबुज: एकोणचाळीस, चाळीस, साडेचाळीस…
दस्तगीर म्हणाला, यांना देव नको, पट्टी पुरे.

आणि जमिनीच्या पोटात पेवे.
तोंड एका माणसापुरतं, आत खोलीभर अंधार.
कोपरापर्यंत पिवळे, हळदीवरच निजतात.
हवा थोडी, म्हणून श्वास सोडताना बोलतात
आणि घेताना ऐकतात.
हे सगळं त्याला ठाऊक होतं.
त्याचे अब्बा, बाबालाल हमाल, आमच्या पेवात उतरायचे.

कायदे मी लिहिले.
कलम चार: पेव्यानं चिंचेवर चढू नये.
"का?"
मी म्हटलं, असतंय तसं. सगळ्याच देशात असतंय.
त्यानं बोट थुंकीनं ओलं केलं आणि कलम चार घासलं.
शाई गेली नाही. कागद झिजला,
आणि मागचं वजन अलीकडं उमटलं,
हमाली वजा जाता.

पेव उघडलं की दिवसभर हवा खेळू द्यायची असते.
मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा.
विझला नाही, तर माणूस.
त्या वैशाखात भाव चढला होता, ट्रक उभा होता.
कंदील घरी खुंटीवर राहिला.
दोर माझ्या वडलांच्या हातात होता
असं मी सांगत आलो.
शेपटाला मीही होतो.

बाबालाल वर आले. खाटेवर घालून दवाखान्यात नेले.
जगले.
पण पुढं त्यांना वाक्याच्या मध्येच शब्द सापडेनात,
श्वास सोडताना काय निघेल ते निघेल.

आठ दिवसांनी दस्तगीरनं वही आणून दिली.
शेवटच्या चिठ्ठीवर, त्याच्या बऱ्या हातानं:

*दोरधरे.*
*राहणार: पेवाच्या तोंडाशी.*
*अन्न: हळद. हात पिवळे होत नाहीत.*
*भाषा: एकच वाक्य. "हाईस न्हवं रं?"*
*उत्तर ऐकण्याचा अवयव:*

आणि पुढं जागा.

नंतरच्या एका पुरात पेवं भरली,
नदी दोन दिवस हळदीच्या वासाची झाली.
माझ्या वडलांनी दुकान विकलं.
दस्तगीर मिरजेत मोटारी वायंडिंग करतो,
भेटला की चहा पाजतो, पैसे देऊ देत नाही,
वहीचं काढत नाही.

ती माझ्याकडंच आहे.
कधी रात्री पेन घेऊन बसतो.
मोकळी जागा एका शब्दाची,
फार तर दोन.
एकदा 'कान नाहीत' असं लिहायला गेलो.
पण कान होते आम्हाला.